पेटीखालचं चामडं

रेल्वेच्या परीक्षेला मी तीनदा बसलो आणि तीनदा आपटलो. धाकटी बहीण एकदाच बसली आणि लागली. त्या दिवशी भिवंडीत, कामतघरच्या आमच्या चाळीत पेढे मीच वाटले, आणि दर पेढ्यागणिक माझ्या पोटात दुखत होतं. खोटं कशाला बोलू!

मी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, दुरुस्त करतो; ती रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये टेक्निशियन आहे. गेल्या वर्षी तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनात नवी सुरक्षा यंत्रणा बसवायचं ठरलं. सिग्नल लाल असताना ड्रायव्हरचं लक्ष नसेल, तर ही पेटी स्वतःच ब्रेक लावते. ती बसल्याशिवाय इंजिनाला मोठ्या लाइनवर सोडणार नव्हते. ते कायमचं शोभेला उभं राहिलं असतं. हे काम बहिणीकडे आलं. आईनं टेमघरच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मी इतके बंद लूम चालू केले, पण माझ्यासाठी कधी कुणाला मिस कॉलसुद्धा गेला नव्हता.

एका रविवारी ती माझ्या कारखान्यात आली. इंजिन इतकं हादरतं, म्हणाली, की पेटीच्या वायरी सुटतात. वायर सुटली की पेटी आपली ब्रेक लावून मोकळी. तिला पेटीखाली मजबूत लोखंडी बैठक करून हवी होती.

तिनं मोबाइलवर पेटीचा फोटो दाखवला, तो बघताच मला कळलं. हादरणाऱ्या लोखंडावर लोखंड नुसतं आवळायचं नसतं. आम्ही लूमच्या मोटारीखाली जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे घालतो, तेल पिऊन मऊ झालेले; हादरे तेच गिळतात. भिवंडीतल्या कुठल्याही कारागिराला विचारा. पण माझ्या मनात आलं, नोकरी तुझी, कौतुक तुझं, आता अक्कलही माझीच नेतेस का? बैठक झकास करून दिली. चामड्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ट्रायलला ती मला हौसेनं घेऊन गेली. बैठक माझ्या दादानं केलीय, असं साहेबांना सांगितलं. इंजिन सुटलं, थोडं पुढे गेलं आणि करकचून थांबलं. पुन्हा सुटलं, पुन्हा थांबलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माप मी दिलं होतं, साहेब. चूक माझी आहे."

आणखी एक ट्रायल मिळाली; तीही फसली तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. परतताना रिक्षात ती बैठकीची मापं पुन्हा पुन्हा तपासत होती. मला राहवेना. कारखान्यात नेऊन तिच्या हातावर चामड्याचे चार तुकडे ठेवले आणि कुठे घालायचे ते सांगितलं. तिनं एक तुकडा बोटांनी दाबून बघितला.

"हे तुला त्या रविवारी ठाऊक होतं, दादा?"

"होतं."

तिनं तुकडे पर्समध्ये टाकले. मागवलेला चहा प्यायली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या ट्रायलला मला बोलावणं नव्हतं. इंजिन कुठेही न अडता धावलं, हे आईनं सांगितलं. वर म्हणाली, "पोरीनं साहेबाला सांगितलं, ही युक्ती माझ्या दादाची हाय."

ते ऐकूनही माझा जळफळाटच झाला. एवढं मोठं मनसुद्धा तिच्याच वाट्याला आलं होतं.