बिनहाताचा खेळ

हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती सव्वीस वर्षं कामाला होती. तिथल्या सगळ्याजणी तिला मामी म्हणत. मशिनमधून ओल्या चादरींचा गठ्ठा ओढून ढकलगाडीवर घ्यायचा, हे तिचं काम. ओली चादर किती जड असते, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक.

नवरा फरशी बसवणारा मिस्त्री. सहा वर्षांपूर्वी फरशांचं खोकं खांद्यावर घेऊन जिना चढताना पाय निसटला आणि गडी पाच पायऱ्या खाली आला. डॉक्टरांनी बजावलं, "वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, आणि उडीबिडी तर स्वप्नातसुद्धा नाही." तेव्हापासून मिस्त्री घरात आणि मामी दोन्हीकडे. रोज सकाळी तो फिरायला निघाला की ती त्याच्या पायात मोजे चढवायची, बुटांच्या नाड्या बांधायची, पलंगाखाली गेलेला चष्मासुद्धा तीच गुडघे टेकून काढायची. कधी चिडचिड व्हायचीच. मग मनाशी म्हणायची, बिचाऱ्याची कंबरच गेली, तो काय मुद्दाम करतोय?

त्या रविवारी दुपारी नणंदेच्या मुलीनं नव्या घरात सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली आणि भाचीनं टीव्हीला एक खेळ जोडला.

"हात लावायचा नाही हं कुणी!" ती म्हणाली. मुठीएवढा रिमोट पाठीमागे कमरेच्या पट्ट्यात खोचायचा, दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. मग पडद्यावर प्रत्येकाचं एक गाढव. कंबर हलवली की गाढवाची शेपटी माश्या हाकलणार, खाली वाकलं की ते गाजर उचलणार, उडी मारली की कुंपण ओलांडणार. हात खाली आला की बाद.

जावई खेळला, नणंद खेळली. मोठ्या नणंदेचं गाढव कुंपणाला धडकून बसलं, तेव्हा हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मामी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

"मामा, तू पण ये!"

"छे गं, माझी कंबर..."

"नुसता उभा राहा रे!"

जरा वेळानं बाहेर एकच गलका झाला. मामी ओले हात पदराला पुसत दारात आली आणि तिथंच खिळली.

मिस्त्रीचे हात डोक्यावर, डोळे पडद्यावर. कंबर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, फटाफट. गाजर आलं, माणूस घडीच्या चाकूसारखा मिटला, पुन्हा ताठ. कुंपण आलं, टुणकन उडी. पुन्हा गाजर, पुन्हा उडी. जावयाचं गाढव कधीच मागे पडलं होतं. टाळ्या, शिट्ट्या. नणंद ओरडत होती, "अगं बघ, बघ तुझा नवरा!"

ती बघतच होती.

शेवटचं कुंपण ओलांडून मिस्त्री वळला. त्याला दारात ती दिसली. डोक्यावरचे हात हळूच खाली आले आणि थेट कमरेवर गेले. "आई गं," तो म्हणाला. ते इतकं उशिरा आलं होतं की भाचीला हसूच आलं.

घरी आल्यावर मामीनं दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, मी धुलाईघरात काम करते, कपड्यासारखी मलाही पिळू नका. कंबर कधीपासून बरी आहे?"

मिस्त्री खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "पहिलं वर्ष खरं होतं. शपथ घेतो."

"आणि पुढची पाच?"

"जिना बघितला की पुन्हा पडेन असं वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू करत..." तो अडखळला. "आणि तू रोज सकाळी मोजे चढवायला पायाशी बसायचीस, काहीबाही बोलायचीस. आधी वीस वर्षं आपण बोललो तरी कधी होतो? मी पहाटे बाहेर, तू दुपारपाळीला."

शिव्या, थापा, काहीही ऐकायची तिची तयारी होती. याची नव्हती. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा तेच सुचेना, कारण त्या सकाळच्या गप्पा तिलाही आवडायच्या.

"माझ्याशी बोलायला पाच वर्षं आजारी पडायला लागलं तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली.

एकोणीस दिवस तिनं अबोला धरला. विसाव्या दिवशी मिस्त्री आपणहून जुन्या ठेकेदाराकडे गेला. एका शाळेत फरशीचं काम होतं, तेही तळमजल्यावर. तो जाऊ लागला. संध्याकाळी सिमेंटनं राखाडी झालेले हात घेऊन यायचा आणि दारातूनच दिवसाची हकिगत सुरू करायचा. मामी ऐकून घ्यायची.

नात्यात मात्र भलतीच बातमी पसरली. भाची ज्याला त्याला सांगत सुटली, "डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या खेळानं केलं! मामा ठणठणीत झाला!" एकदा तर तिनं चार पाहुण्यांसमोर विचारलं, "हो की नाही गं मामी?"

मामीनं मिस्त्रीकडे पाहिलं. तो खाली मान घालून चहात साखर ढवळत होता, कधीचीच विरघळलेली.

"हो," मामी म्हणाली. "माझा तर डोळ्यांवर विश्वासच बसेना."