दोन कपिल्या

कापूरहोळच्या फाट्यावर सुलक्षणाच्या वडिलांचं इंजिनदुरुस्तीचं दुकान. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे, आणि तोच किडा लेकीत उतरला. भोंगवलीला नांदायला आली आणि चार दिवसांत बाईनं सासरचा बिघडलेला मिक्सर खोलला, मग शेजारचा टीव्ही. "ही पोरगी येक दिस आपल्याला बी खोलून बघंल," असं शेजारची ठकुबाई सगळ्यांना सांगायची, आणि मोबाईल बंद पडला की सगळ्यात आधी हिच्याच दारात यायची!

सुलक्षणा नसरापूरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जायची. तिथंच बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकली, आणि हौसेनं गावासाठी एक लिहिला. कुणाच्या गोठ्यात कुठलं जनावर, लस कधी टोचली, आजार काय झाला, कुठलं औषध मानवलं, कुठलं न्हाई, सगळं त्यात. मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस म्हणे थंडगार खोल्यांत, वेगळ्या मशिनींवर असतात. हिचा आपला प्रोग्रामच्या पोटातच बसणारा, आणि सगळी माहिती एकाच फाईलमध्ये. आधी गावानं चेष्टा केली. पण जनावरांचे डॉक्टर येऊन हिला विचारायला लागले तसे सगळे गप्प झाले.

त्या सकाळी ठकुबाई धापा टाकत आली.

"सुले, आगं उघड तुजं ते यंत्र! वैष्णवीची कपिली आडवी झालीया."

वैष्णवी म्हणजे ठकुबाईची लेक, वेल्ह्याकडं दिलेली. तिला बाळ झालं तेव्हा ठकुबाईनं आपली कपिली, गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय, टेम्पोत घालून लेकीकडं धाडली होती. आता तिला दगडी झालेली. कास कडक, अंगात ताप, आणि काही केल्या उठेना. वेल्ह्याचे डॉक्टर तिथं पोचले होते, पण त्यांचा हात अडला होता. भोंगवलीला असताना या गाईला एक इंजेक्शन सोसलं नव्हतं, गळा सुजून मरता मरता वाचली होती. ते कुठलं, हे कुणाला सांगता येईना. तेव्हाचे डॉक्टर बदलून गेलेले आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

सुलक्षणानं वैष्णवीला फोन लावला, तो डॉक्टरांनीच घेतला. "माझ्या पेटीत दोन औषधं आहेत," ते म्हणाले. "नको ते टोचलं तर गाय जाईल आणि थांबलो तरी जाईल. लवकर बघा, ताई."

सुलक्षणानं ठकुबाईचं नाव घातलं, कपिली घातलं. समोर आलं ते वाचून तिच्या कपाळावर आठी पडली. वय दोन वर्षं, अजून वेत नाही, आजार काही नाही.

"आत्या, ही तर कालवड हाय."

"मग? ती नवी कपिली. बाजारातनं आणली न्हाई का, तूच लस टोचताना लिवून घेतलीस की."

"तवा घाईत ध्यानात आलं न्हाई. तिचं नाव बी कपिलीच?"

ठकुबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू सूर्य कुठून उगवतो ते विचारलंय. "मग काय ठिवायचं? त्या दाव्याला कपिलीच असती. म्या लगीन करून आले तवा बी कपिलीच हुती. गाय जाती, नाव दाव्याला ऱ्हातं."

आता एवढ्या घाईत दुसरी एखादी कपाळावर हात मारून बसली असती. सुलक्षणाचे डोळे चमकले. तिला दोष सापडला होता! फाट्यावर वाढलेली मुलगी, तिच्या माहेरी गोठा कसला आलाय? कानातला बिल्ला गळून पडतो, नंबर कुणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून तिनं जनावराची ओळख ठरवली होती मालक आणि नाव. वर यंत्राला बजावलं होतं, तेच नाव परत आलं तर जुनी नोंद काढ आणि नवी ठेव. यंत्र बिचारं हुकमाचं ताबेदार. बॅकअप होता, पण तोही नव्या कपिलीनंतरचा.

तेवढ्यात ठकुबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"माजंच चुकलं गं. जित्या गाईचं नाव दुसरीला द्यायचं नसतं. जुनी मेली, न्हाईतर परक्याला इकली, तरच. पर मला मोकळं दावं बघवंना. म्या नाव दिलं आन् ती तिकडं आडवी झाली."

"काहीतरीच काय, आत्या!" हे सुलक्षणाच्या ओठावर आलं होतं, पण बोलवेना. गोठ्यातलं देव जाणे, या लॅपटॉपात मात्र अगदी तसंच घडलं होतं. नव्या कपिलीला नाव मिळालं आणि जुनी पुसली गेली.

पुसली, पण खरंच का? तिला दुकानात वाचलेलं आठवलं. असला डेटाबेस नोंद काढताना ती खरवडून टाकत नाही, जागा मोकळी एवढंच लिहून ठेवतो. पंगत उठली तरी पुढची बसेपर्यंत पत्रावळी तिथंच पडून असतात, तसं. म्हणजे आता नवं एक अक्षरही लिहायचं नाही. तिनं प्रोग्राम बंद केला, फाईलची नक्कल केली आणि ती नक्कल कच्चीच उघडली. पडदाभर चौकोन, ठिपके, नुसती खिचडी. त्यात तिनं 'सुजला' हा शब्द शोधायला लावला. आधी कुणाचा तरी बैल निघाला, मग एक म्हैस. आणि मग खिचडीच्या मधोमध पुढून कुरतडलेली एक ओळ: "…सिलीन टोचल्यावर गळा सुजला. अंगावर गांधी. दुसऱ्या औषधानं उतार. मालकीण गोठ्यातच झोपली."

"आत्या, तुमी गोठ्यात झोपला होता?"

"व्हय तर! तिच्या मानंला हात लावून."

डॉक्टरांना 'सिलीन' एवढं पुरलं. "कळलं. पेनिसिलीन आहे पेटीत, ते नको." फोन ठेवला गेला.

मग काय करायचं? दोघी वाट बघत बसल्या. चहा झाला तो तसाच गार झाला. हात स्वस्थ बसेनात म्हणून सुलक्षणानं प्रोग्राम उघडला आणि प्रत्येक जनावराला यंत्रानंच स्वतंत्र नंबर द्यावा असं करून टाकलं. नकलेत सापडलेली ओळही परत बसवली. दुपार कलली तेव्हा वैष्णवीचा फोन आला.

"आये, उठली गं! पाणी प्याली."

ठकुबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसून तिनं हळूच विचारलं, "आता हिचं नाव बदलू का गं? परत काय व्हायला नगं."

"नका बदलू आत्या. तुमच्या नावानं काय झालं न्हाई. एका दाव्याला एकच कपिली, असं म्या यंत्राला सांगितलं हुतं. आता ते बदललंय, हे बघा." सुलक्षणानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

ठकुबाईला वाचता येत होतं ते जेमतेम. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या ओळीवर.

"दोनी कपिल्या?"

"दोनी."

"आन् दोनी जित्या?"

"व्हय आत्या. दोनी."

सकाळपासून ठकुबाईनं आपल्या गोठ्यातल्या कालवडीकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता ती उठली, तडक गोठ्यात गेली, आणि तिनं "कपिले!" अशी हाक मारली, चांगली मोठ्यानं.