तिसऱ्या तळ्यापर्यंत

काश्मीरच्या डोंगरांत ओळीनं सात तळी आहेत. ती पायी जाऊन पाहायची, हा माझ्या बायकोचा, सुमनचा, कित्येक वर्षांचा हट्ट. तिसऱ्या तळ्याकाठी ती एका दगडावर बसली ती उठेचना. ओठ निळसर पडले होते, एकेक श्वास ओढून घेत होती. समोरचं पाणी मात्र अगदी शांत होतं.

"हवा विरळ आहे, साहेब. आत्ताच खाली न्या," घोडेवाले चाचा म्हणाले.

तिची सॅक मी केव्हाच घेतली होती. पाणी पाजलं, माझं जाकीट तिला घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही सगळं वाटून घेतलं. पण माझ्या छातीतला श्वास तिला कसा देणार?

"तू पुढं जा. बघून ये आणि मला सांग," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?"

तिला घोड्यावर बसवलं. उतारावर ती वळून वळून वरच्या खिंडीकडे बघत होती. चाचांनी लगाम धरला होता. मी नुसता शेजारून चालत राहिलो.

खाली देवदार दिसू लागले, तसा तिचा श्वास सावरला. मग ती रडायला लागली. त्यावरही माझ्याकडे काही उपाय नव्हता.