कमरेवरचा काळा पट्टा

"परकराच्या नाड्यामुळं झालाय," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला आधी हसूच आलं. मग त्यांनी आजाराचं नाव घेतलं: कॅन्सर. शेजारी बसलेल्या यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र संताप आला.

"नाड्यानं कॅन्सर? मग पुरुष बरे सुटले!"

"सुटतात कुठले? घट्ट धोतर नेसणारेही येतात की माझ्याकडं," डॉक्टर म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवसभर उभं राहायचं, साडी सुटता कामा नये, म्हणून नाडा करकचून आवळायचा, तोही रोज त्याच जागी. कमरेवर काळा पट्टा पडला. मग खाज, मग उजवीकडं भेग. हळद झाली, खोबरेल झालं. जखम वर्षभर भरेना आणि मी तिच्यावरच रोज नाडा बांधत होते. स्वतःला शहाणी म्हणवणारी बाई! तुम्ही असलं काही करू नका.

बायॉप्सी केली होती, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासला होता. रिपोर्टात लिहिलं होतं स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातला कॅन्सर. ऑपरेशन करून तो काढला. टाके सुटले, मी घरी आले. वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय! डावीकडं तसाच खरखरीत चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, "हा अजून कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवर आहे. रेटिनॉइड लावून बघू. मागं हटला तर उत्तम, नाहीतर पुन्हा कापावं लागेल. खात्री देत नाही."

रेटिनॉइड म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. वेडीवाकडी वाढणारी कातडी त्यानं ताळ्यावर येऊ शकते. पोटातल्या बाळाला ते बाधू शकतं, म्हणून मूल होण्याची शक्यता नाही ना, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. माझ्या मुली कॉलेजात होत्या.

"मग नुसती गाजरं खाल्ली तर?" मी विचारलं.

"खुशाल खा. चट्ट्यावर मात्र मलमच लावा."

ट्यूब मुंबईहून मागवावी लागली. तिसऱ्या आठवड्यात चट्टा लालबुंद झाला, सोलायला लागला, आग आग व्हायची. सासूबाई तेव्हा कोडोलीहून आमच्याकडं राहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "औषध न्हवं, जाळ हाय ह्यो! दे टाकून." आणि मी, दोन मुलींची आई, ट्यूब कपाटात ठेवून पुन्हा हळद लावत बसले.

डॉक्टरांनी माझी बिनपाण्यानं केली. "थोडं सोलणारच. जास्त झालं तर मला विचारा, एक दिवसाआड लावा. आपल्या मनानं बंद करायचं नाही."

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. शिंप्याकडून खांद्यावर अडकवायचा परकर शिवून घेतला. नाडाच नाही, साडी पिनांनी टाचायची. शाळेत बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"झग्यावर लुगडं नेसतीस व्हय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय, नेसते. मला जगायचंय!"

महिने गेले. दवाखान्याच्या बाकावर मुलांच्या वह्या तपासत मी नंबराची वाट बघायची. चट्टा फिका पडला, मऊ झाला. पुन्हा तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ आहे. पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं." मी तिथंच हुंदके देऊन रडले. कुणी बघतंय याची पर्वा केली नाही.

त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी प्रत्येकीला एक नाडा दिला, चार बोटं रुंद, मऊ सुती, स्वतः शिवलेला. आणि भर बैठकीत सांगितलं, "घरी जाऊन कमर बघा. काळा पट्टा असेल, जखम भरत नसेल, तर डॉक्टरला दाखवा. लाजू नका." दोघी तडक उठून गेल्या. सणाच्या दिवशी अभद्र बोलते म्हणाल्या. म्हणू देत.

बायका गेल्यावर सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं, दार लावलं. नऊवारीची गाठ सोडली. कमरेवर रुपयाएवढी ओली जखम होती.

"कवापासनं?"

"दोन दिवाळ्या झाल्या की. असल्या जागंचं सांगायचं कसं गं?"

मला रडूही आलं आणि रागही. "आत्ताच्या आत्ता चला," म्हटलं. त्या गाठ आवळायला लागल्या, तसा मी त्यांचा हात धरला. माझा खांद्यावरचा परकर त्यांच्या अंगात घातला, त्यावर माझी पाचवारी सैल गुंडाळली. उभ्या जन्मात त्यांनी पाचवारी नेसली नव्हती. आरशात बघून म्हणाल्या, "लोक हसतील."

"हसू देत," मी म्हटलं आणि रिक्षाला हात केला.