उरलेल्या गोळ्यांचा डबा

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या त्या आळीत कुणाला ताप आला, की तो माणूस आधी सोनूबाईच्या दारात जायचा, मग देवाच्या, आणि अगदीच नाही भागलं तर डॉक्टरच्या. वीस वर्षं हा क्रम कुणी मोडला नव्हता. सोनूबाई बोंबील सुकवून विकणारी बाई. शाळा चौथीपर्यंतच, पण आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर होडीतला माणूस ओ द्यायचा. तिच्या घरातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात गोळ्या होत्या. लाल-काळ्या कॅप्सूल, पांढऱ्या लांबट गोळ्या, अर्धी पाकिटं, दोन-दोन गोळ्यांचे कापलेले तुकडे.

त्यातली एकही तिने मुद्दाम विकत आणलेली नव्हती बरं का! आळीत ज्याचं औषध उरेल त्याने ते डब्यात आणून टाकायचं, ज्याला लागेल त्याने न्यायचं. हा डबा सुरू झाला तो तिच्या नवऱ्यामुळे. मोतीरामला एकदा सडकून ताप भरला होता. मेडिकलवाल्याने दिलेल्या कॅप्सूल दोन दिवस घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी गडी बोटीवर हजर! उरलेल्या सहा कॅप्सूल शेजारणीच्या दिराला लागू पडल्या. तेव्हापासून सोनूबाईचं ठरलेलंच वाक्य होतं, "ताप उतरला की गोळी थांबली. उरलेली दुसऱ्याच्या जीवाला." आणि जखम असेल तर कॅप्सूल फोडून आतली भुकटी वरून भुरभुरवायची, हे तर बंदरावर प्रत्येकीला ठाऊक होतं.

उधव्याच्या आठवडे बाजारातही सुकटीच्या टोपलीत तिचा डबा असायचा. तिथल्या पाड्यावरची शुक्री ही तिची जुनी गिऱ्हाईक, चिकूच्या वाडीवर रोजाने जाणारी. जवळा घेतला की ती विचारायची, "मावशी, अंग दुखायची काय आहे का गं?" दवाखान्यात जायचं म्हणजे शुक्रीचा सगळा दिवस जाणार, आणि दिवस गेला की रोज गेला. मग सोनूबाई जवळ्याच्या पुडीवर दोन गोळ्या ठेवायची. तेवढंच पुण्य!

तर अशी ही डॉक्टरीण. आणि तिच्याच लेकीवर वेळ आली.

हेतल तिची धाकटी. लग्न आळीतच झालेलं, नवरा दीपेश बोटीवर. त्या दिवशी बोट लागली, हेतल मासळी निवडायला बसली आणि शिंगाळ्याचा काटा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसला. शिंगाळा मेला तरी त्याचा काटा मरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. सोनूबाईने बोट धुतलं, कॅप्सूल फोडून भुकटी टाकली, वर दोन पोटात दिल्या. सूज उतरली. लगेच गोळी बंद. चौथ्या दिवशी बोट पुन्हा भोपळ्यासारखं फुगलं. मग पांढऱ्या लांबट गोळ्या दोन दिवस. मग मेडिकलवाल्याने स्वतःच्या अकलेने दिलेल्या चार. प्रत्येक वेळी थोडा उतार पडायचा आणि पुन्हा दुप्पट चढायचं. दहाव्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल झाला, हेतल तापात काहीबाही बरळायला लागली, तेव्हा कुठे तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टर निलम म्हणून एक तरुण बाई होत्या. बोलायला मऊ, पण डोळ्यांत डोळे घालून विचारणाऱ्या. "मावशी, आधी काय औषध दिलं होतं?"

सोनूबाईच्या तोंडून पटकन निघून गेलं, "कुठं काय? काही नाही."

का खोटं बोलली? अहो, भीती! पोरीचा हात असा सुजलेला आणि त्यावर आपणच चढवलेली भुकटी. कोण कबूल करेल? निलमबाईंनी नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. ताप जागचा हलेना. लाली कोपराच्या वर सरकली. निलमबाईंनी पेनाने लालीच्या कडेला रेघ मारली आणि म्हणाल्या, "लाली या रेघेच्या पुढे गेली तर मला लगेच बोलवा."

आता ती रेघ आणि सोनूबाई. दुसरं काही तिला दिसेचना. चहा आणला तरी नजर रेघेवर, शेजारच्या खाटेवरचं माणूस बोललं तरी नजर रेघेवर. दुपारी तिला वाटलं लाली पुढे गेली, ती धावत सुटली. नव्हती गेली. तासाभराने पुन्हा बघितलं, आणि या वेळी मात्र खरंच गेली होती, बोटभर.

निलमबाईंनी तिला बाहेर बोलावलं. "पू तपासायला पाठवलाय. रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील, इथे ती सोय नाही. तोवर कुठलं औषध लागू पडेल ते मला अंदाजाने ठरवावं लागतंय. अंदाज चुकला तर हात काढावा लागेल. त्याहून जास्त उशीर झाला तर..."

सोनूबाई पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती तशीच उठली, रिक्षा करून घरी गेली आणि डबा छातीशी धरून परत आली. टेबलावर सगळा उपडा केला. "ह्या दिल्या. ह्या पण. आणि ह्या. मीच दिल्या. मारा मला."

निलमबाईंनी एकेक पाकीट उचलून बघितलं, कागदावर नावं लिहिली. "किती दिवस दिल्या?"

"दोन दोन दिवस."

"आणि मग?"

"उतार पडला की बंद." आणि मग सोनूबाईचा बांधच फुटला. "कशाला घ्यायच्या बाई उतार पडल्यावर? अन्न उरलं तर आपण फेकतो का? बोट सुटायची असते, माणूस आठ आठ दिवस गोळ्या खात बसेल का? मेडिकलवाला मागेल तेवढ्या कापून देतो. इथं यावं तर डॉक्टर असेलच याचा नेम नाही. काय चुकलं माझं?"

निलमबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमचं एकटीचं नाही चुकलं, मावशी. मेडिकलवाल्याचं चुकलं, आमच्या रिकाम्या खुर्च्यांचंही चुकलं. पण जंतूंना हे कळत नाही. दोन दिवसांत कच्चे मरतात, चिवट उरतात. ते चिवट आता तुमच्या सगळ्या आळीच्या हातांवर आहेत. हेतलच्या बोटात तेच गेलेत." त्यांनी कागदावरच्या तीन नावांवर काट मारली आणि त्याच दुपारी औषध बदललं.

रिपोर्ट आला. लांबलचक यादी, आणि प्रत्येक नावापुढे चालत नाही, चालत नाही, चालत नाही. अगदी तळाशी दोन नावं चालणारी. त्यातलंच एक निलमबाईंनी डब्यातलं बघून आधीच सुरू केलं होतं. ते दोन दिवस हातचे गेले असते तर काय, हे सोनूबाईने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बोटाचं पुढचं पेर काढावं लागलं. हात राहिला.

घरी सोडताना निलमबाईंनी गोळ्यांचं पाकीट हेतलच्या डाव्या हातात दिलं. "चौदा दिवस. रोज दोन. बरं वाटलं तरी घ्यायच्या. आता आपल्याकडे गोळीचं एवढंच एक औषध उरलंय, बरं?" सोनूबाईने देवळात शपथ घ्यावी तशी मान हलवली. डबा ती दवाखान्यातच ठेवून आली होती.

नवव्या दिवशी उधव्याचा बाजार होता. सोनूबाई टोपली मांडून बसली, आणि शुक्री आली. पायाला फडकं बांधलेलं, लंगडत. सोनूबाई आधीच म्हणाली, "गोळ्या मागू नकोस हां. डबा बंद झाला. पाय दाखवायला दवाखान्यात जा, आजचा रोज गेला तर जाऊ दे."

शुक्री हसली. "मागत नाय मावशी! हेतलनी दिल्यात ना. मंगळवारी तिला बघायला आले, तर माझा पाय बघून म्हणली, माझ्या हाताला उतार पडलाय, मला कशाला एवढ्या, ने तुला." तिने पदराची गाठ सोडली. आत तेच पाकीट, काही खाणी रिकामी. "एक खाल्ली. एकोणीस हायत."

बाजाराचा गलका सोनूबाईला ऐकू येईनासा झाला. मंगळवारी. म्हणजे पाच दिवस. पाच दिवस पोरीच्या पोटात गोळी नाही.

"शुक्री, ते पाकीट दे आणि तू चल माझ्याबरोबर. दवाखान्यात दोघींना दाखवू."

"आणि सुकट?"

"मरू दे सुकट!" टोपली शेजारणीच्या गळ्यात मारून तिने शुक्रीला दंडाला धरून उठवलं. जीप भरायची वाट बघत उभी होती. सोनूबाईने ड्रायव्हरला असं काही फैलावर घेतलं की तो अर्ध्या सवाऱ्यांवरच निघाला. तलासरी, हायवे, मग डहाणूचा रस्ता. सोनूबाई पाकीट मुठीत दाबून बसली होती. मनात एकच घोकत होती, दोन दिवसांत कच्चे मरतात, चिवट उरतात.

हेतल बोंबील सुकवायच्या वलांडीपाशी उभी होती, बांबूंवरचे मासे डाव्या हाताने उलटे करत. आईला आणि मागून लंगडत येणाऱ्या शुक्रीला बघून तिला नवलच वाटलं. "आये, एवढ्या लवकर? विकलं सगळं?"

"गोळ्या का दिल्यास?"

हेतलला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा ती अगदी निर्मळ हसली. "अगं, बरी झाले की मी. तूच म्हणतेस ना, ताप उतरला की गोळी थांबली, उरलेली दुसऱ्याच्या जीवाला."

सोनूबाईने पुढे होऊन लेकीच्या कपाळावर तळहात ठेवला. कपाळ गरम होतं. ऊन डोक्यावर होतं, बांबू तापले होते, तिचा स्वतःचा हातही तापलेला होता. हे उन्हाचं की आतलं, काही केल्या कळेना. "हलू नकोस," ती म्हणाली, आणि हात तिथेच धरून उभी राहिली.