मावशी अभ्यासातून उठून गेल्या

आजचं आजच लिहितो, उद्या मी ते माझ्या सोयीनं सांगेन.

दुपारी झरीला यमुनामावशींच्या घरी बायबल अभ्यास होता. आम्ही सातजण. एकेकानं एक वचन वाचायचं आणि मग मी समजावून सांगायचं, अशी आमची पद्धत.

मावशी साठीनंतर वाचायला शिकल्या. शब्दांवर बोट ठेवून सावकाश वाचतात. आज त्यांच्या वाट्याला आलं ते वचन म्हणजे, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भाऊ आपल्यावर नाराज आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर.

वाचून झालं. त्यांनी चष्मा पुस्तकावर ठेवला आणि उठल्या.

"सर, गॅसवर चहा ठिवलाय, तेवढा उतरून घ्या. मी जाऊबाईकडं जाऊन येते."

जाऊ दोन गल्ल्या पलीकडं राहते. नऊ वर्षं दोघींचं बोलणं नाही.

"मावशी, अभ्यास तर होऊ द्या."

"वाचलं की. आता काय ऱ्हायलंय?"

त्या गेल्या. त्या काळी वेदीवर अर्पण कसं आणत, हे मी पाऊण तास समजावलं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. शेवटची प्रार्थना झाली तरी मावशी आल्या नव्हत्या.

घरी येऊन माझं बायबल उघडलं. त्या वचनाखाली तीन रंगांच्या रेघा आहेत, वेगवेगळ्या वर्षी मारलेल्या. माझा भाऊ देवगाव फाट्याला असतो. आईला माती दिली त्या दिवशी मी त्याला जे बोललो, त्यानंतर आमचं बोलणं नाही.

तुमच्यापैकी कुणी असं वाचता वाचता उठून गेलंय का? मी अजून बसलेलोच आहे.