सरांचा गुलाबी

मस्तगडच्या दुकानात दुकानदारानं साडी उलगडली. "ताई, हा गुलाबी बघा." आणि मी एकदम कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. सरांनी बजावलं होतं, "फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला, की ब्युरेटच्या नळीतून थेंब सोडणं बंद." वाटूरला आमच्या घरी गुलाबी म्हणजे आईच्या लुगड्याचा, लांबून डोळ्यांत भरणारा. फ्लास्कमधलं पाणी तर नुसतं लाजल्यासारखं झालेलं. मी थेंब सोडत राहिले. बघता बघता पाणी लुगड्यासारखं झालं.

"सर, आला गुलाबी!"

"अगं, तो मघाशीच येऊन गेल्ता."

मी फ्लास्क हलवत राहिले. रंग काही उतरेना. तेवढ्यात घंटा झाली.

"ताई, गुलाबीच द्यायचा ना?" दुकानदार विचारत होता.

हा गुलाबी आईचा की सरांचा, तेच मला ठरवता येईना.